युगान्ताविषयीची बायबलमधली भाकिते कशी वाचावीत

दानीएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात भाकीत वाचत बसलेला एक वृद्ध माणूस आपल्याला भेटतो. तारुण्यापासून बाबेलच्या बंदिवासात राहिलेला दानीएल यिर्मया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत आहे, आणि यरुशलेमेच्या ओसाडीची मुदत सत्तर वर्षांची आहे हे त्यातले वचन त्याच्या ध्यानात येते. वर्षे मोजणे त्याला जमत होते आणि त्याने ती मोजली. त्यानंतर त्याने जे केले ते मात्र लक्ष देऊन पाहावे. त्याने लोकांना जमवून तारीख जाहीर केली नाही. गोणपाट नेसून, अंगावर राख घेऊन, उपास करून तो प्रार्थनेला बसला, आणि त्या प्रार्थनेत पूर्वजांना दोष देऊन मोकळा न होता ‘आम्ही पाप केले आहे’ असे स्वतःला धरून म्हणत राहिला. भाकीत कसे वाचावे याचा पहिला धडा शास्त्राने असा आपणहूनच दिलेला आहे, आणि पुढे सांगितलेल्या पद्धती याच वृत्तीने वापरायच्या आहेत.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये काही ठिकाणी प्रकटीकरण हे बायबलचे शेवटचे पुस्तक गूढ आणि भीतिदायक समजून उघडलेच जात नाही. सात मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांवर उपदेश होतात आणि चौथ्या अध्यायाच्या दाराशी सगळे थांबतात. काही ठिकाणी नेमके उलटे घडते. प्रत्येक युद्धाला, भूकंपाला, नव्या यंत्राला एखादे वचन चिकटवले जाते, आणि बातमी जुनी झाली की तेच वचन दुसऱ्या बातमीला चिकटवले जाते. या दुसऱ्या सवयीची मला अधिक काळजी वाटते, कारण ती शास्त्रप्रेमाच्या नावाने येते आणि चार-पाच वेळा फसगत झाली की तरुणांचा त्या वचनांवरचाच भरवसा उडवते.

पहिले ऐकणारे कोण होते

प्रकटीकरण हे आधी एक पत्र आहे. पात्म बेटावर असलेल्या योहानाने ते आसिया या रोमी प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या, सात मंडळ्यांना लिहिले: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया. पहिल्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनात ते मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. म्हणून अभ्यासाची सुरुवात भाष्य उघडून करू नये. एका रविवारी दुपारी गटाने एकत्र बसून, आलटून पालटून, सगळे बावीस अध्याय मोठ्याने वाचून काढावेत. साधारण दीड तास लागतो. मध्ये थांबून अर्थ विचारू नये. अशा वाचनात जे लक्षात येते ते सुट्या वचनांच्या अभ्यासात कधीच येत नाही: सिंहासन पुन्हा पुन्हा दिसते, स्तुतिगीते पुन्हा पुन्हा येतात, आणि प्रत्येक संकटाच्या आधी किंवा नंतर वधलेला कोकरा, म्हणजे ख्रिस्त, समोर उभा असतो.

त्यानंतर त्या सात नगरांची माहिती करून घ्यावी. पर्गमात रोमचे आणि सम्राट ऑगस्टसचे मंदिर होते. इफिसात पहिल्या शतकाच्या अखेरीस डोमिशियन सम्राटाच्या काळात सम्राटपूजेचे आणखी एक मंदिर उभे राहिले. व्यापारी आणि कारागिरांच्या संघांत वावरायचे तर देवतांच्या नावाने होणाऱ्या मेजवान्यांत बसावे लागे, आणि न बसणाऱ्याच्या धंद्यावर त्याचा परिणाम होई. दुसऱ्या शतकातला मंडळीचा पुढारी आयरेनियस सांगतो की हे दर्शन डोमिशियनच्या राजवटीच्या शेवटी, म्हणजे इ. स. ९५ च्या सुमारास, झाले. काही अभ्यासक ते सम्राट नीरोच्या काळाजवळ, इ. स. ७० च्या आधी ठेवतात. कोणताही काळ धरला तरी ऐकणारे तेच राहतात, आणि सम्राटापुढे धूप जाळण्यास नकार देणाऱ्याचे काय होईल ही त्यांची चिंताही तीच राहते.

यातून माझा पहिला नियम निघतो. एखाद्या वचनाचा जो अर्थ स्मुर्णाच्या त्या छळ सोसणाऱ्या मंडळीला समजलाच नसता, किंवा समजूनही ज्याचा तिला काही उपयोग झाला नसता, तो अर्थ स्वीकारण्यापूर्वी फार विचार करावा. सारे पहिल्या शतकातच आटोपले असा याचा अर्थ नाही. मेलेल्यांचे पुनरुत्थान, अंतिम न्याय, नवे आकाश व नवी पृथ्वी हे अजून व्हायचे आहे. परंतु जे वचन आपल्यापर्यंत पोहोचले ते त्यांच्या हातून पोहोचले, आणि त्यांना वगळून त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

चिन्हांचा उलगडा शास्त्रातूनच करावा

प्रकटीकरणाच्या पहिल्याच वचनात ‘कळवले’ या अर्थी जे ग्रीक क्रियापद आले आहे, त्याच्या मुळाशी ‘चिन्हाने दाखवणे’ ही कल्पना आहे. पुस्तक आपल्या काही चिन्हांचा अर्थ स्वतःच सांगते. सोन्याच्या सात समया म्हणजे सात मंडळ्या (१:२०). मराठी भाषांतरकारांनी येथे योजलेला ‘समई’ हा शब्द मला फार आवडतो, कारण समई स्वतःसाठी जळत नाही हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सतराव्या अध्यायातली श्वापदावर बसलेली स्त्री म्हणजे राजांवर राज्य करणारे मोठे नगर, आणि त्या श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर (१७:९, १८). सात टेकड्यांवर वसलेले नगर म्हटल्यावर त्या काळच्या माणसाला रोमच आठवणार. दानीएलाच्या आठव्या अध्यायातही दोन शिंगांचा मेंढा म्हणजे मेदी व पारसी राजे आणि बकरा म्हणजे ग्रीसचा राजा, असे देवदूत स्पष्ट सांगतो. जेथे पुस्तक अर्थ देते तेथे आपला अर्थ घालू नये.

जेथे अर्थ दिलेला नाही तेथे जुना करार उघडावा. योहान जुन्या करारातले एखादे वचन ‘असे लिहिले आहे’ म्हणून क्वचितच उद्धृत करतो, पण त्याचे जवळजवळ प्रत्येक चित्र निर्गम, यशया, यहेज्केल, दानीएल, योएल, जखऱ्या यांच्या रंगांनी रंगवलेले असते. नवव्या अध्यायातले टोळ घ्या. माणसासारखी तोंडे, सिंहासारखे दात, पंखांचा रथांसारखा आवाज हे वर्णन वाचून ती हेलिकॉप्टरे आहेत असे सांगणारे उपदेश मी ऐकले आहेत. योएलाचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा: तेथे टोळधाड आहे, सिंहाचे दात आहेत, घोड्यांसारखे रूप आहे, रथांचा गडगडाट आहे, आणि शेवटी ‘आता तरी मनापासून माझ्याकडे वळा’ अशी हाक आहे. निर्गमातली आठवी पीडाही टोळांचीच होती. प्रकटीकरणाचा तो अध्याय ज्या वचनाने संपतो त्यात वाचलेल्या माणसांनी तरीही पश्चात्ताप केला नाही असे म्हटले आहे. पश्चात्ताप हा तेथला विषय आहे, आणि हेलिकॉप्टरच्या चर्चेत तोच निसटून जातो.

श्वापद, म्हणजे प्रकटीकरणातली देवाला विरोध करणारी सत्ता, आपल्या माणसांवर जी खूण करते तिच्याविषयी आपल्या लोकांच्या मनात सर्वांत अधिक भीती आहे, म्हणून तेथे जरा थांबतो. बारकोड आला तेव्हा ती खूण बारकोड होती. पुढे ती कातडीखाली बसवायची चिप झाली. कोविडच्या काळात लस झाली, आणि या भीतीपोटी काही विश्वासणारे लस घ्यायला घाबरले. तेराव्या अध्यायाच्या शेवटी उजव्या हातावर किंवा कपाळावर ही खूण येते. पण अध्यायांची विभागणी मूळ पुस्तकात नव्हती. न थांबता पुढचेच वचन वाचा. तेथे कोकऱ्याबरोबर उभ्या असलेल्यांच्या कपाळांवर त्याचे व त्याच्या पित्याचे नाव लिहिलेले आहे. हे नाव शाईने किंवा यंत्राने लिहिले जाईल असे कोणी म्हणत नाही. ते कोणाचे आहेत, हे त्यातून सांगितले आहे. मग श्वापदाची खूणही त्याच रीतीने वाचली पाहिजे. हात आणि कपाळ ही जोडी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून आली आहे, जेथे देवाच्या आज्ञा हाताला बांधायला आणि डोळ्यांच्या मधोमध लावायला इस्राएलाला सांगितले होते. आपण काय करतो आणि कोणाला मानतो, या दोन्हींवर कोणाची मालकी आहे हा तेथला प्रश्न आहे. नकळत टोचलेल्या सुईने ही मालकी बदलत नाही.

तेराव्याच अध्यायातला श्वापदाचा ६६६ हा आकडा ‘ज्याला बुद्धी आहे त्याने मोजावा’ असे योहान म्हणतो, म्हणजे त्याच्या श्रोत्यांना तो मोजता येत होता. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्ये असतात. नीरो सम्राटाचे नाव ‘नेरोन कैसर’ असे हिब्रू अक्षरांत लिहिले तर पहिल्या शब्दाची बेरीज ३०६ आणि दुसऱ्याची ३६० होते. लॅटिन उच्चाराप्रमाणे ‘नेरोन’मधला शेवटचा ‘न’ गाळला तर पन्नास कमी होऊन ६१६ उरतात, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत हाच आकडा आढळतो. हा उलगडा सर्वांना मान्य आहे असे नाही, परंतु आजच्या पुढाऱ्यांच्या नावांची इंग्रजी अक्षरे मोजण्यापेक्षा तो मजकुराच्या कितीतरी जवळ आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो फक्त योहानाच्या पहिल्या व दुसऱ्या पत्रांत येतो, आणि तेथे ‘आताच पुष्कळ ख्रिस्तविरोधक उठले आहेत’ असे म्हटले आहे.

वाचताना ‘ऐकले’ आणि ‘पाहिले’ या शब्दांकडेही लक्ष असू द्यावे. पाचव्या अध्यायात योहान ऐकतो ते यहूदाच्या सिंहाविषयी, आणि वळून पाहतो तर समोर वधल्यासारखा दिसणारा कोकरा असतो. सातव्या अध्यायात तो १,४४,००० हा आकडा ऐकतो, आणि पाहतो तेव्हा कोणाला मोजता येणार नाही असा सर्व राष्ट्रांचा समुदाय उभा असतो. सिंहाचा विजय कोकऱ्याच्या मरणाने झाला, हे ज्याने येथे पाहिले तो एकोणिसाव्या अध्यायातल्या घोडेस्वाराच्या रक्ताने माखलेल्या वस्त्राचा अर्थ लावतानाही घाई करणार नाही.

मत्तय २४ : एक नमुना म्हणून

जैतुनाच्या डोंगरावरचे प्रभूचे हे भाषण समजायचे असेल तर शिष्यांचा प्रश्न आधी नीट वाचावा. मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे येशूने म्हटल्यावर त्यांनी विचारले की या गोष्टी केव्हा होतील, आणि तुझ्या येण्याचे व युगाच्या समाप्तीचे चिन्ह काय. शिष्यांच्या मनात हे सारे एकच असावे. उत्तरात ते एकमेकांत गुंतलेले आहे. मंदिर इ. स. ७० मध्ये सेनापती तीतच्या रोमी सैन्याने जाळले व पाडले. ‘ओसाडीचा अमंगळ पदार्थ’ हा शब्दप्रयोग दानीएलाचा आहे, आणि ऐकणाऱ्या यहूद्यांना त्यावरून इ. स. पूर्व १६७ आठवले असणार, कारण त्या वर्षी अंतियोख एपिफानेस राजाने मंदिरात परकीय वेदी उभारून ते भ्रष्ट केले होते. शुभवर्तमान लिहिणारा लूक हेच बोल आपल्या परराष्ट्रीय वाचकांसाठी सोपे करून लिहितो: यरुशलेमेला सैन्यांनी वेढलेले पाहाल तेव्हा डोंगरात पळून जा. चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस लिहितो की यरुशलेमेतले ख्रिस्ती लोक त्या युद्धाआधी यार्देनेपलीकडच्या पेल्ला नगरात निघून गेले होते. ज्यांना ते वचन प्रथम दिले होते त्यांना ते असे उपयोगी पडले.

सूर्य काळा पडणे आणि तारे गळणे यांविषयी घाईने मत देण्यापूर्वी यशयाचा तेरावा अध्याय वाचावा. तेथे ताऱ्यांचा प्रकाश जातो, सूर्य उगवताच काळवंडतो; पण अध्यायाचे शीर्षक ‘बाबेलविषयी देववाणी’ असे आहे आणि सतराव्या वचनात मेदी लोकांचे नाव आहे. बाबेल इ. स. पूर्व ५३९ मध्ये पडले, आणि सूर्य दुसऱ्या दिवशीही उगवला. एखादी सत्ता कोसळते तेव्हा संदेष्टे आकाश कोसळल्याच्या भाषेत बोलतात. मात्र यावरून मत्तय २४ मधली सर्व भाषा केवळ इ. स. ७० पुरतीच आहे असे मी म्हणत नाही. मनुष्याच्या पुत्राचे येणे आणि निवडलेल्यांना चारही दिशांनी गोळा करणे हे माझ्या वाचनाप्रमाणे त्या वर्षाच्या पलीकडे पोहोचते. एकाच वचनात दोन काळ असू शकतात, हे प्रभूने नासरेथच्या सभास्थानात स्वतः दाखवले आहे. त्याने यशया ६१ वाचायला घेतला, ‘परमेश्वराच्या प्रसादाचे वर्ष’ येथपर्यंत वाचले, आणि त्याच वाक्यातला ‘सूड घेण्याचा दिवस’ न वाचता ग्रंथपट गुंडाळून सेवकाला परत दिला. मधल्या त्या थांबण्यात आज आपण जगत आहोत.

अंजिराच्या झाडाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. अंजीर म्हणजे इस्राएल राष्ट्र, ते १९४८ मध्ये पालवले, एक पिढी म्हणजे चाळीस वर्षे, म्हणून १९८८, असा हिशेब अनेकांनी मांडला होता. लूक २१:२९ मध्ये तोच दृष्टांत आहे, आणि तेथे शब्द आहेत ‘अंजीर व सर्व झाडे’. पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे कोणत्याही झाडावरून समजते, एवढेच तेथे सांगायचे आहे. समांतर शुभवर्तमान उघडून पाहिले असते तर त्या हिशेबाचा पायाच राहिला नसता.

यहेज्केल ३८ चेही तसेच झाले आहे. तेथल्या नावांपैकी ‘रोश’ म्हणजे रशिया, ‘मेशेख’ म्हणजे मॉस्को, ही जुळणी केवळ उच्चाराच्या साम्यावर उभी आहे. हिब्रूत ‘रोश’ म्हणजे डोके किंवा प्रमुख. आणि मेशेख व तुबाल यांची ओळख त्याच पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सोर नगराशी दास व पितळी भांडी यांचा व्यापार करणारे लोक अशी आधीच दिली आहे. ते अनातोलियातले, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले, होते.

तारखा

अमेरिकेतला विल्यम मिलर हा प्रामाणिक शेतकरी-उपदेशक होता. दानीएल ८:१४ मधले २,३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे, आणि त्यांचा आरंभ इ. स. पूर्व ४५७, असे धरून त्याने ख्रिस्ताचे पुनरागमन १८४३-४४ च्या सुमारास होईल असे सांगितले. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला. काहींनी शेतातले पीकही काढले नाही. त्या रात्रीनंतरच्या सकाळी अनेक लोक रडले, आणि तो दिवस इतिहासात ‘महानिराशा’ म्हणून राहिला. अमेरिकेतले रेडिओ-उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली, ती टळल्यावर त्याच वर्षीची २१ ऑक्टोबर दिली. या माणसांना हिशेब येत नव्हता असे नाही. तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही असे मार्क १३:३२ मध्ये पुत्र स्वतः म्हणत असताना आपल्याला ते ठाऊक करून घेता येईल असे मानणे हीच चूक होती. ‘तारीख नाही सांगत, पण वर्ष सांगतो’ ही पळवाट प्रेषितांची कृत्ये १:७ मुळे बंद होते, कारण तेथे ‘काळ व समय’ असे दोन्ही शब्द आहेत. त्याच्या पुढचे वचन साक्षी होण्याविषयी आहे.

दुष्काळ व मऱ्या (साथी) यांना प्रभूने ‘वेदनांचा प्रारंभ’ म्हटले. आपल्या देशाने १८९६-९७ मध्ये दुष्काळ आणि मुंबई-पुण्याची प्लेगची साथ दोन्ही एकाच वेळी पाहिली. त्या वेळी पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनाची वाढ त्यातून झाली. पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम मरेपर्यंत केले. संकटाच्या काळात ही वचने कशी वाचावीत याचे आपल्या मातीतले उदाहरण मला हे वाटते. मोबाइलवर युगान्ताचा एखादा संदेश आला की तो पुढे पाठवण्यापूर्वी त्यातले वचन काढून आधीचा व नंतरचा अध्याय वाचावा, प्रेषितांची कृत्ये १७ मधले बिरुयाचे लोक शास्त्र तपासून पाहत तसे पडताळावे, आणि त्यातून काही आज्ञा पाळावी लागते की नुसती भीती पसरते हे पाहावे. भीतीच पसरत असेल तर तो संदेश तेथेच थांबवावा.

मतभेद कोठे आहेत

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातल्या हजार वर्षांच्या राज्याविषयी मंडळीत पहिल्यापासून एकमत नाही. दुसऱ्या शतकातले जस्टिन व आयरेनियस यांनी ते पृथ्वीवर होणारे राज्य मानले. पुढे धर्मपंडित ऑगस्टीनने ते मंडळीच्या सध्याच्या काळाचे चित्र मानले. ते सुवार्तेच्या प्रसाराने येईल असे मानणारेही झाले. संकटकाळापूर्वी विश्वासणाऱ्यांना वर घेतले जाईल, हा आज भारतातल्या अनेक मंडळ्यांत गृहीत धरला जाणारा क्रम एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून आणि १९०९ च्या स्कोफील्ड अभ्यास-बायबलमधल्या टिपांमधून पसरला. तो मानणारे माझे बांधव आहेत, न मानणारेही आहेत. अभ्यासगटात आपले मत ‘बायबल म्हणते’ असे न सांगता ‘मला असे समजले आहे’ असे सांगावे. सर्वांनी मिळून ठामपणे म्हणावे असे जे आहे ते इ. स. ३८१ च्या मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या विश्वासाच्या कबुलीत, आहे: तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास गौरवाने पुन्हा येईल, आणि त्याच्या राज्याचा अंत होणार नाही.

वर घेतले जाण्याचा वाद ज्या वचनावर होतो ते १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ आपल्याकडे अंत्यविधीत वाचले जाते, आणि ते तेथेच शोभते. थेस्सलनीकात काही विश्वासणारे मरण पावले होते, आणि प्रभू येईल तेव्हा आपली माणसे मागे राहतील की काय, या दुःखात मागे उरलेले लोक होते. पौलाने त्यांना वेळापत्रक दिले नाही. मेलेले आधी उठतील, मग आपण सर्व एकत्र, असे सांगून या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा असे लिहिले, आणि पाचव्या अध्यायाच्या अकराव्या वचनात तेच पुन्हा सांगितले. हा भाग अभ्यासाला घ्याल तेव्हा ४:१३ पासून ५:११ पर्यंत सलग वाचा, आणि गटात कोणाच्या घरी नुकतेच दुःख झाले असेल तर आधी त्यांना बोलू द्या.